पाठ बरी होऊ नये म्हणून

१२ जानेवारी १९६१, गुरुवार
सकाळी सासूबाईंना खाटेवरून खुर्चीत घेताना कमरेत काहीतरी सटकन सरकलं. सरळ होता येईना, खाली बसता येईना. त्या अर्ध्या खाटेवर, अर्ध्या माझ्या हातांवर. त्यांची उजवी बाजू लुळी, स्वतःहून मागे सरकता येत नाही. मी सोडलं असतं तर पडल्याच असत्या. तशाच राहिलो. त्यांचं तोंड माझ्या खांद्यात. किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या बिऱ्हाडातल्या जानकीमामी विहिरीवरून पाणी नेताना डोकावल्या, कळशी तिथेच टाकून धावत आल्या.

हे मद्रासबाहेर अंबत्तूरला, कारखान्यात. सकाळी सातला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला घरी. आले तेव्हा मी पालथी पडलेली.

अजूनही पालथीच. लिहिताना मान दुखते. पुढे सासूबाईंना नुसतं ‘सा.’ लिहीन.

१४ जाने.
पोंगल. मामींनी वाटीभर गोड भात पाठवला. तिळगूळ या वर्षी झाला नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मणक्यांमधली चकती सरकली आहे म्हणाले. सहा आठवडे पडून राहा, वजन अजिबात उचलू नका. यांनी मान हलवली. मीही. मग सा.ना कोण उचलणार, हे परत येताना रिक्षात दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

१९ जाने.
यांची रजा संपली. चार दिवस त्यांनी आईला उठवलं, बसवलं. पुसणं, लुगडं बदलणं माझ्याचकडे. आजपासून सगळंच.

कमरेचा पट्टा आणला आहे. जाड कॅनव्हासचा, आत लोखंडी पट्ट्या. जानेवारीतसुद्धा आत घाम. मे महिन्यात काय होईल.

लग्नाला तीन वर्षं, त्यातलं दीड वर्ष या खाटेपाशी. माहेरी, मिरजेला, एकदाच जाऊन आले. धाकटीच्या, शालूच्या, लग्नालाही नव्हते. यांच्या घरातली तंजावरी मराठी आता कळते, बाहेरचं तमिळ अर्धंच. दिवसभर बोलायला दोन माणसं, सा. आणि मामी. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. दुपारी समुद्राचा वारा सुटतो तो ऐकू येतो, आत येत नाही.

२ फेब्रु.
आईचं पत्र. शालूला दिवस आहेत. बाळंतपणाला मिरजेला येणार, मेमध्ये. तू ये, असं आईने लिहिलेलंच नाही. लिहून काय होणार, असं वाटलं असेल.

यांना वाचायला दिलं. जेवताना म्हणाले, एप्रिलमध्ये डॉक्टरांना परत दाखवू. तोवर पाठ सुधारली नाही तर अक्काला कुंभकोणमहून बोलावतो, तीन महिने तू मिरजेला जा. (अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. मुलं मोठी झाली आहेत, येऊ शकेल.) सुधारली तर मग प्रश्नच नाही, म्हणाले.

तेव्हा बरं वाटलं. भांडी घासायला बसले तेव्हा त्याचा अर्थ कळला.

९ फेब्रु.
सा.चं बोलणं जड आहे, पण थांबून ऐकलं तर कळतं. आज दुपारी म्हणाल्या, "पाय पसर." मी जमिनीवर बसून पाय पसरले. त्या चिडल्या. पुन्हा तेच. मी आणखी लांब पसरले. शेवटी डाव्या हाताने कोपऱ्यातली चटई दाखवली. चटईला यांच्याकडे तमिळसारखं ‘पाय’ म्हणतात. दोघी हसलो. हसताना माझी कंबर दुखली, त्यांना ठसका लागला.

मग चटईवर उताणं निजवलं आणि खाटेवरून हुकूम सुरू. एक गुडघा पोटाशी घे. श्वास सोडताना ओढ, घेताना सैल सोड. आता दुसरा. मान उचलू नको.

त्यांच्या वडिलांची तंजावरला तालीम होती. पैलवानांची लचकलेली अंगं तेच बसवायचे, आसनंही शिकवायचे. मुलगा नव्हता, म्हणून तेलाची वाटी धरायला ही मुलगी. "मला कोणी शिकवलें नाहीं. बघून शिकलें." ते कोणावर वापरायची वेळच आली नाही, म्हणाल्या. माझ्या पाठीकडे अशा बघत होत्या की जणू त्यांना कोणी काम दिलं.

१६ फेब्रु.
जुन्या धोतराच्या चिंध्यांचे दोन घट्ट चेंडू करवून घेतले, यांच्या मोज्यात घालून मध्ये गाठ. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, कण्याच्या दोन बाजूंना दोन चेंडू, गुडघ्यांत हळूहळू वाकत खाली-वर. हाडावर नको, मांसावर. दुखरी जागा सापडली की तिथे थांबायचं आणि दहा श्वास मोजायचे. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. "तिथेंच. हलूं नको."

२१ फेब्रु.
आज मान. तिळाचं तेल कोमट करून. कवटीखाली दोन बाजूंना खळगे आहेत, त्यांत अंगठे रोवून डोकं मागे सोडायचं. मग उजव्या हाताने डावा खांदा मुठीत धरून मान सावकाश दुसरीकडे वळवायची. हे मी माझं मलाच करायचं, कारण त्यांचा एकच हात चालतो आणि तो माझ्या मानेपर्यंत पोचत नाही. एकदा प्रयत्न केला त्यांनी. बोटं केसांतच राहिली.

त्यांना उचलायचं कसं तेही शिकवलं. हातांनी नाही, मांड्यांनी. आधी गुडघ्यांत वाकायचं, त्यांना अगदी छातीशी घ्यायचं, मग उठायचं. दीड वर्षं लांबून ओढत होते.

३ मार्च
रात्रभर झोप. कूस बदलताना जाग आली नाही. सकाळी भुजंगासन. पालथं निजून नुसती छाती उचलायची, बेंबी जमिनीलाच. सा. म्हणाल्या, घाई नको करूं, साप घाई करत नाहीं.

चहा करताना गुणगुणत होते. मग एकदम आठवलं, डॉक्टरांना दाखवायला अजून दीड महिना आहे.

११ मार्च
परवापासून चटई घातली नाही. चेंडू फळीवर ठेवून दिले.

सा.नी विचारलं. काम फार आहे म्हटलं. त्यांनी मान फिरवली.

१३ मार्च
कंबर दुखू लागली. नीट दुखू लागली. सकाळी मोरीत पाय पुढे टाकताना कळ आली आणि मला बरं वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही. इथेही नको होतं लिहायला.

१७ मार्च
हे गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आले. बसमध्ये उभ्याने, हातात धरून. आता पाणीही तेच भरतात, कामावर जायच्या आधी. मामी म्हणतात, असा नवरा कुठे मिळतो. मिळत नाही, मला माहीत आहे.

यांनी जरा वाईट वागावं असं वाटतं कधीकधी.

२४ मार्च
सहन होईना. पुन्हा चटई. सा.नी पहिल्या दिवसापासून सुरू करायला लावलं, गुडघा पोटाशी.

आठ दिवसांत पाठ पुन्हा ताळ्यावर येईल, मला कळतं आहे ते. शरीराला काही सांगून उपयोग नसतो. मला त्यांचा राग येतो. कोणी सांगितलं होतं शिकवायला.

२ एप्रिल
पट्टा यांच्यासमोर बांधते, ते गेले की सोडते. संध्याकाळी पुन्हा बांधते. उठताना कमरेवर हात ठेवते. आज ते घरात नव्हते तरी ठेवला गेला.

उकाडा वाढला. सा.च्या पाठीला पावडर लावून कूस बदलली, एकटीने, एका दमात. काहीच दुखलं नाही.

९ एप्रिल, रविवार
हे केस कापायला गेले होते. सा.ना खुर्चीत बसवलं, पदर नीट केला. म्हणाल्या, "तुझी पाठ बरी झाली."

मी म्हटलं, नाही हो, सकाळी फार असते.

"उचलतेस तेव्हां माझा कान तुझ्या छातीशीं असतो. आधीं तुझा श्वास अडकायचा. आतां अडकत नाहीं."

खाली बसले तिथेच. त्या बराच वेळ जुळवत होत्या, पुढचं वाक्य. "त्याला सांगूं नको म्हणून सांगतें. तूं जा."

मग म्हणाल्या, "परत येशील?"

मी पाणी आणायला गेले. विहिरीवर कोणी नव्हतं. दोन बादल्या उगाच काढल्या.

२० एप्रिल
डॉक्टर. पालथं निजवून एकेक मणका दाबून पाहिला. इथे दुखतं? इथे? चौथ्या ठिकाणी मी हो म्हटलं. किती सोपं असतं. आणखी तीन महिने विश्रांती, असं लिहून दिलं.

बाहेर यांनी शहाळं घेऊन दिलं. म्हणाले, अक्काला आजच पत्र टाकतो. मग म्हणाले, तुझ्यामागे आईचं कसं होईल याची काळजी करू नको, तू तुझी पाठ बघ. मी शहाळ्यात बघत राहिले.

२९ एप्रिल
अक्का आल्या. मनाच्या चांगल्या. अंगाने जड. आईला काखेत हात घालून ओढतात. सा. कण्हल्या. मी गुडघ्यांत वाकून करून दाखवायला गेले, आणि मध्येच थांबले. पाठ दुखणाऱ्या बाईने असं वाकायचं नसतं. तोंडानेच सांगितलं. अक्का हो म्हणाल्या आणि ओढतच राहिल्या.

सा. माझ्याकडे बघत नव्हत्या.

२ मे
निघाले. हे बंगळूरपर्यंत येतो म्हणत होते, नको म्हटलं. सा.च्या पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या कमरेवर ठेवला, जिथे पट्टा होता तिथे. अक्का म्हणाल्या, आई रडत नाही ग, डोळ्यांतून तसंच पाणी येतं तिच्या.

६ मे, मिरज
बंगळूरला गाडी बदलली, हमालाने वळकटी चढवली. इथे स्टेशनवर दादा आला होता. मला पिशवीसुद्धा धरू दिली नाही. आईने खोलीत गादी घालून ठेवली होती. पडून राहा, म्हणाली.

सगळे मराठी बोलतात. दोन दिवस नुसती ऐकत होते.

१८ मे
शालूला मुलगी. गोरी, डोक्यावर भरपूर केस. मी हात पुढे केले तर आईने मधेच घेतली. "तू वाकू नकोस. मद्रासहून पाठीसाठी आलीस ना?"

खाटेवर बसून लांबून बघितली.

३० मे
आई रोज कमरेला शेक देते. मी पालथी पडून राहते. ती कुठे दुखतं विचारते, मी जागा सांगते. कधी वेगळी जागा सांगितली जाते, तिच्या लक्षात येत नाही. मी अंघोळीला जाते तेव्हा दार लावून ओल्या फरशीवर ताडासन तेवढं करता येतं. गुडघा पोटाशी घ्यायच्या पवनमुक्तासनाला जागा नाही.

इथेही पट्टा. तिथे निदान हे कामावर गेले की सोडत होते.

८ जून
आई देवळात, दादा बाहेर. शालू परसात केस वाळवत होती. पाळण्यात पोरगी रडू लागली. गेले, गुडघ्यांत वाकले, छातीशी घेऊन उठले. केवढीशी. एवढं हलकं काही मी कधी उचललंच नव्हतं. तिचा कान माझ्या छातीशी आला आणि मला एकदम गरगरलं.

शालू दारात उभी होती. म्हणाली, ताई, तुझी पाठ दुखत नाही ना?

नाही म्हटलं.

कधीपासून, ते तिने विचारलं नाही. पोरगीला घ्यायलाही पुढे आली नाही. आईची चाहूल लागली तेव्हा मीच खाली ठेवली.

१५ जून
यांचं पत्र. अक्कांची कंबर धरली आहे. पंधरा दिवसांत कुंभकोणमला परत जायचं म्हणतात. सकाळ-संध्याकाळ हेच आईला उचलतात. "आईने मला गुडघ्यांत वाकून उचलायला शिकवलं. तिला हे सगळं येतं हे मला माहीतच नव्हतं." दिवसा मामी येऊन बसतात, पण त्यांचंही वय झालं आहे.

पुढे लिहिलं आहे: "मी आईला विचारलं, कुमुदला बोलावून घेऊ का. ती म्हणाली, तिची पाठ अजून बरी नाही, बोलावू नको. इतक्या लांबून आईला काय कळतं? तूच खरं काय ते कळव."

तीनदा वाचलं. इथे आई म्हणते, स्पष्ट लिही, अजून दोन महिने तरी नाही. दादाचंही तेच. शालू पोरगीला पाजत होती. माझ्याकडे बघून खाली बघितलं तिने.

सा. तिकडे माझ्यासाठी खोटं बोलल्या, अक्का ओढतात त्या हातांमध्ये राहून.

कार्ड घेऊन बसले आहे. पत्ता लिहिला, तारीख घातली. टपाल अकराला निघतं. आत्ता साडेनऊ.