पुनाची चकमक

उत्तर ऑस्ट्रेलिया, जून

प्रिय अक्का,
तुला इथूनच वाकून नमस्कार.

दिवाळीनंतर चोपड्याच्या गच्चीवर आपण दोघी केस वाळवत बसायचो, तेव्हा सातपुड्यावर धुराची बारीक रेघ दिसायची, पाड्यावरचा पुना गवत जाळायचा त्याची. आई हसायची, "पुना डोंगरनी हजामत करी ऱ्हायना!"

मी बरी आहे. भात मिळतो, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं इंग्रजी कामी येतं. तुझा गुडघा कसा आहे?

इथे देशोदेशीचे जंगल राखणारे जमलो आहोत. काल इथल्या एका आजींनी ओलसर गवताला आग लावून दाखवली. गुडघ्याएवढी आग, आमच्या पावलांबरोबर चालणारी. असे पट्टे आधीच जाळले, की उन्हाळ्यात वणवा तिथेच अडतो. अगदी पुना करायचा तसं.

"तुमच्याकडे हे कोण करतं?" आजींनी विचारलं. मी पुनाचं नाव सांगितलं. रेंजर असताना मीच त्याला गवत जाळायची बंदी केली, हे मात्र लपवलं.

तीन वर्षं साठलेलं गवत एका दुपारी पेटलं आणि बकऱ्या आणायला गेलेला पुना परतला नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्याची जप्त केलेली, आग पाडायची चकमक मी कधी कचेरीत जमा केली नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. काल धुरात तो उभा दिसला, हात पुढे करून.

मध आणि शाल पार्सलने पाठवते आहे. मध तुझ्या लेकाला, नवीनला, शाल तुला. माझ्या कपाटात साड्यांमागे कापडी पिशवी आहे, त्यात चकमक आहे. ती पुनाच्या मुलीला, रूपाला दे. मीच हिसकावली होती, हे सांगून दे. आणि पावसाळा सरून गवत वाळायच्या आत दे.

तुझी,
कोकिळा