धाकट्याची सायकल

प्रिय ताई,

मी खुशाल आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

तू लिहिलंस, धाकट्याने सायकल मित्राला देऊन टाकली, नव्या मंडळींच्या बैठकींना जातो, आता तुला 'जाडे' म्हणून चिडवतही नाही. "सुधारला गं बाई!" ताई, मला हे वाचून झोप नाही. आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरनेही असाच स्वतःचा काळा चष्मा मला दिला होता. "मला आता कशाला लागतोय?" म्हणाला. मी खूश होऊन दोनदा आभार मानले. तो कसल्या बैठकींना जातो, हे विचारलंच नाही. नवव्या दिवशी त्याने बाजारात बॉम्ब फोडला. तो गेला, अकरा माणसं गेली. चष्मा अजून माझ्याकडे आहे.

धाकट्याला ओरडू नकोस. सायकल मात्र आजच परत आण. त्याला एकटं सोडू नकोस, तो पुन्हा 'जाडे' म्हणेल असं मुद्दाम लटकं भांडण काढ.

मी रविवारी सकाळी सातच्या गाडीने येतोय. त्याला सांग, दादाची ट्रंक फार जड आहे, सायकल घेऊनच स्टेशनवर ये. ट्रंक रिकामी आहे, हे तेवढं सांगू नकोस.

तुझा घाबरट भाऊ