सुनंदाचा डावा हात

रत्नागिरी, गुरुवार, १७ मे १९८४

तो हात अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कारखान्यात आंबे सोलणाऱ्या बायकांत सुनंदा सगळ्यांत हळू. उद्यापासून तिला घरी बसवा, असं मालकांनी सकाळीच बजावलं. सुपरवायझर मी, म्हणजे सांगायचं मलाच. कसं सांगणार होतो, कोण जाणे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आंब्यांच्या ढिगावर कावळा उतरला. सुनंदानं बाठा उचलून नेमका त्याच्यावर भिरकावला. डाव्या हातानं!

"डावरी आहेस होय गं? मग सुरी उजव्या हातात कशाला?"

"नको ओ सायेब. डाव्या हातात सुरी दिसली की आई पळीनं मारायची."

"इथं आई नाही. धर."

दाराकडे बघत तिनं सुरीचा हात बदलला. आणि मग... काय सांगू! सालीची पट्टी न तुटता सुटत गेली, गराला ओरखडा नाही. बाकीच्या बायका आपले आंबे तसेच हातात धरून बघत राहिल्या. मालक आले, तेही थबकले. कामावरून काढायचं नावच निघालं नाही. आणि हा हात आजवर नुसता आंबा धरून बसला होता?

संध्याकाळी निघताना तो हात पदराखाली घेऊन ती हळूच म्हणाली, "सायेब, आमच्या घरात सांगू नका हां."