माकणीच्या विंचवांची हरवलेली शिखरं

४ एप्रिल, तुळजापूर
सोलापूरला लॅबमध्ये जाऊन आले. बस भाविकांनी गच्च, नळ सोडल्यासारखा घाम. पण पोचले आणि सगळा वैताग गेला. पुण्याहून मशीनचे आलेख आलेत. येडशीच्या लाल विंचवांच्या विषात दोन उंच शिखरं आहेत, पुस्तकात असतात तशीच. माणसाच्या हृदयावर जाणारी दोन विषद्रव्यं, त्यांची ती शिखरं. माकणीच्या विंचवांत दोन्ही गायब. एका-दुसऱ्यात नव्हे, चौदाच्या चौदा.

गाईड मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "शालन, हे खरं असलं तर तुझी पीएचडी इथंच झाली."

डिसेंबरला शेवटची मुदतवाढ संपते. त्यानंतर कोण विचारणार? कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई तासिका तत्त्वावरच म्हातारी होईल. आज मात्र बरं वाटतंय. लई बरं.

५ एप्रिल
तात्यांना फोन केला. बाबांचे थोरले भाऊ. मेंढरं घेऊन आयुष्य माकणीच्या धरणाच्या वरच्या माळावर गेलं, कुठल्या दगडाखाली काय आहे ते त्यांना पाठ. ते चौदाही विंचू त्यांनीच पकडून दिलेले, माझ्या लांब चिमट्यानं.
"तात्या, तुमचा विंचू जगावेगळा निघाला."
"म्हंजी चांगला का वाईट?"
"चांगला."
"मंग काकूला सांग. तिला वाटतंय म्या नुसता दगडं उलथीत फिरतो."

११ एप्रिल
संशोधन परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. माझं नाव पहिलं. चार वेळा उघडून बघितलं. आईला दाखवलं तर म्हणाली, इंग्रजीत तुझं आडनाव किती लांब दिसतंय.

१९ एप्रिल, माकणी
अजून विंचू हवेत म्हणून आले. लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं माणसं कोंबलेली वडापची जीप. सकाळीच तात्यांबरोबर माळावर. ऊन असं की बोलायला तोंड उघडवेना.

आज पहिल्यांदा त्यांना पकडताना पाहिलं. काठीनं दगड कलता केला, चिमट्यात विंचू धरला, आणि डब्यात टाकायच्या ऐवजी पायातली वहाण काढली. विंचवाची नांगी वहाणेच्या चामड्याला लावली. त्यानं मारली. परत लावली. परत मारली.
"तात्या, हे काय करताय?"
"त्याचा समदा राग काढून घेतो, मंग डब्यात. तू तिकडं एकटी डबा उघडणार. हात-बीत लागला म्हंजी?"
"किती वेळा?"
"धा-बारा. पयलं पाण्यावानी येतं, मंग दुधावानी, मंग कोरडं. कोरडं झालं की झालं."
"मागच्या चौदांनाही?"
"मंग? तुला भरलेला इंचू दीन व्हय म्या?"

ते हसत होते. मी डबा बंद करून निघू या म्हणाले. म्हटलं ऊन लागलं. त्यांनी डोक्यावरचं उपरणं सोडून माझ्या डोक्यावर टाकलं आणि पाण्याची बाटली दिली.

२० एप्रिल
झोप नाही. माझ्या विंचवांकडं विषच नव्हतं. रिकामे होते ते. मशीननं रिकाम्या पिशवीचं धुवण मोजलं आणि आम्ही त्याला शोध म्हणालो.

वहीतली पानं काढून तारखा बघितल्या. नियम आहे, पकडल्यावर पंधरा दिवस ठेवायचे, मग विष काढायचं. तेवढ्यात नांगी परत भरते. येडशीचे ठेवले होते. माकणीचे? आणल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं, कारण त्याच आठवड्यात पुण्याला नमुने जाणार होते आणि मला त्यातच घुसवायचे होते. थोडं दिसलं होतं विष, पातळ दिसलं होतं. मीच लिहिलंय, "मात्रा कमी". आणि पुढं गेले. तात्यांचा काही दोष नाही. पंधरा दिवस थांबले असते तर त्यांची माया विषात उतरली नसती.

२२ एप्रिल, तुळजापूर
सांगितलं नाही तर कोणालाच कळणार नाही. तात्या परिषदेला येणार आहेत थोडेच.
हे वाक्य लिहून अर्धा तास बसले. स्वतःची किळस आली. पण उद्या सांगते म्हणत तीन दिवस झाले हेही खरं.
मी म्हटलं असतं माकणीच्या विंचवात ही विषं नाहीत, आणि कुणा डॉक्टरनं ते वाचून विंचू लागलेल्याला तसंच घरी पाठवलं असतं तर…

२५ एप्रिल, सोलापूर
सांगितलं. एका दमात. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मला वाटलं आता फाडून खातील.
"तारखांच्या पानावर माझीही सही आहे," म्हणाल्या. "मीही बघितलं नाही. घाई दोघींनाही होती."
मग सारांश मागं घेतल्याचं पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. छोटंसं पत्र, पण एक तास लागला. निघताना म्हणाल्या, "माकणीचे परत आण. भरलेले. पंधरा दिवस ठेव. काय निघेल ते निघेल."
बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईंनी प्रसादाचा पेढा दिला, काही न विचारता.

२७ एप्रिल
तात्यांना कसं सांगायचं याची कालपासून उजळणी केली आणि शेवटी फोनवर सगळं उलटसुलट बोलले.
"म्हंजी म्या तुझं काम नासवलं म्हन की."
"नाही तात्या. चूक माझी. मी थांबले नाही."
मागं मेंढरांची बेंबें चालली होती.
"आता भरलेला पायजे तुला?"
"हो. पण तुम्ही पकडायचा नाही. परीक्षेची ड्युटी संपली की मी येते. तुम्ही जागा दाखवा, मी धरते. ऐकताय ना?"
"ऐकतोय की," म्हणाले. पुढं पाच मिनिटं कोकरांबद्दल बोलले. खरंच ऐकलं असेल ना?

२ मे
सकाळी काकूचा फोन. तात्यांना विंचू लागला, लोहाऱ्याच्या दवाखान्यात आहेत. परीक्षेच्या वरिष्ठ पर्यवेक्षकांना नुसतं "घरी जाते" म्हटलं आणि सुटले. बसमध्ये मला लाल विंचवाबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं आठवत होतं. घाम, गार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. एवढं शिकले नसते तर बरं झालं असतं.

३ मे, लोहारा
वाचले. उजव्या हाताच्या अंगठ्याला नांगी मारली. काकूनं वेळ न घालवता शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर घालून आणलं, डॉक्टरांनी लगेच विंचवावरची गोळी चालू केली. काल दुपारी हात बर्फासारखे होते, आज कोमट आहेत. मी सारखी हात धरून बघते, ते सारखा काढून घेतात.

काकू तात्यांचं पांघरूण सारखं करत होती. मग एकदम म्हणाली, "तुझ्या इंचवापायी गेला असता की गं म्हातारा." मी तिच्या पाया पडले. तिनंच मग चहा आणून दिला.

दुपारी काकू भाकरी आणायला गेली तसे तात्या कुजबुजले, "खाटंखाली पिशवी बघ."
पिशवीत माझा डबा, मागच्या वेळी त्यांच्याकडं राहिलेला. कप्प्याकप्प्यात विंचू.
"अकरा हायेत. येकालाबी टोचू दिलं न्हाय कशाला."
"आणि तुम्हाला चावला तो?"
"त्यो बारावा. त्याला सोडून दिला. त्याचं सांडलं की समदं, तुला काय कामाचा?"
मी त्यांच्यावर ओरडले. दवाखान्यात, चार माणसांपुढं. म्हातारे झालात, अक्कल गहाण ठेवलीत, मी सांगितलं होतं ना. माझं संपल्यावर तात्या म्हणाले, "शाले, तुझं साल वाया जातंय ते माझ्यामुळं. म्या बसून ऱ्हाऊ व्हय?"

१८ मे, सोलापूर
पंधरा दिवस पूर्ण. एकही विंचू मेला नाही. रोज सकाळी तात्यांचा फोन यायचा, आधी माझी चौकशी, मग विंचवांची. पाणी दिलं का, झुरळं खातायत का.

आज विष काढलं. विजेचा हलका झटका, नांगीच्या टोकाला थेंब. पहिला स्वच्छ, पाण्यासारखा. दुसरा दुधाळ. अगदी तात्या म्हणाले होते तसा. वहीत लिहिलं, "पहिला थेंब व नंतरचा थेंब वेगळे ठेवले" आणि कंसात तात्यांचं पूर्ण नाव. मॅडमनी वाचलं. खोडतील वाटलं. म्हणाल्या, "आभारात नको, निरीक्षणातच असू दे."

२६ मे, माकणी
तात्यांना बघायला. अंगठा अजून बधिर आहे म्हणतात, दोरीची गाठ सुटत नाही. काकू सोडून देते. डॉक्टरांनी महिनाभर ऊन आणि धावपळ नको सांगितलंय, म्हणजे ते माळावर जाऊन सावलीत बसतात.

६ जून, माकणी
कालच आले, दोन दिवस राहायला. आज दुपारी मॅडमचा फोन. पुण्याचे आलेख आले. दोनांतलं एक शिखर आहे. चांगलं उंच, येडशीसारखं. दुसरं नाही. अकराही विंचवांत नाही. मॅडम सावकाश बोलत होत्या, मुद्दाम. या वेळी विंचू भरलेले होते, तारखा बरोबर, मशीन दोनदा चालवलं. खरं असू शकतं. किंवा अकरा फार थोडे असतील. अजून वीस हवेत, त्याच माळावरचे, पाऊस लागायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात. "जमेल ना?" मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, विचारही केला नाही.

पलीकडं तात्या जेवतायत. काकू वाढतेय. त्यांनी दोनदा विचारलं, फोन कुनाचा व्हता, कागद आला का. मी म्हटलं, कॉलेजचा.
खरं सांगितलं तर ताटावरून तसेच उठून चिमटा घेऊन माळावर निघतील.