बॉनेटखालची किरकिर

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेक म्हणते, गाडी सुरू केली की बॉनेटखाली काहीतरी किरकिरतं. बॉनेट उघडलं, मान तिरकी केली, डोळे मिटले — गॅरेजात असताना करायचो तसंच. काही नाही. नुसती इंजिनाची घरघर. तरी ठासून सांगितलं, "पट्टा आहे. बदलून टाकतो."

गॅरेज सोडलं तरी लोक मला अजून कानसेन म्हणतात. कानसेन! माझ्याच खिशातला फोन वाजतोय, हे काल बायकोने सांगितलं.

५ फेब्रुवारी

नवा पट्टा घातला. लेक एक चक्कर मारून आली. "बाबा, अजून येतोय आवाज." मी उसळलो — "आवाज गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे." ती गाडीची चावी टेबलावर ठेवून आत गेली. रोज याच गाडीने हायवेवरून कामाला जाते पोर. आणि मी तिलाच वेड्यात काढलं.

६ फेब्रुवारी

लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. एके काळी असं धरलं की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते लगेच कळायचं. आज हाडाला नुसती थरथर लागली. पुली, पंप, सगळ्यांची सारखीच.

बायको काहीतरी म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने — "अहो, तुमच्या चेल्याला दाखवूया का?"

"त्याला पाना धरायला मी शिकवलं," मी म्हणालो. राग निघाला तो पट्टा विकणाऱ्या दुकानदारावर. खराब माल गळ्यात मारलास म्हणून फोनवर झापलं त्याला. बिचारा माफी मागून दुसरा पट्टा घरी घेऊन आला. मी तो घेतलासुद्धा. त्याच्याकडे बघवेना.

७ फेब्रुवारी

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

९ फेब्रुवारी

दोघी मायलेकी दुपारभर गाडी घेऊन बाहेर होत्या. कुठे, विचारलं तर "कामं होती." बरं झालं, तेवढा वेळ मला कोणी काही विचारलं नाही.

१० फेब्रुवारी

आज सांगून टाकायचं ठरवलं होतं — मला ऐकू येत नाही, गाडी चेल्याकडे न्या. लेकीने गाडी सुरू केली. बायको शेजारी उभी. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं — "पुली आहे. ऐका, येतोय ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हो, येतोय," बायको म्हणाली.

"थोडासा," लेक म्हणाली.

मी मोठा जाणकार असल्यासारखी मान डोलावली. उद्या बदलतो म्हणालो. इतका खोटारडा मी कधी झालो?

११ फेब्रुवारी

पट्टा उतरवला. पुली कोरी करकरीत. बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका. घट्ट केलेल्या बोल्टवर असा ठिपका द्यायला चेल्याला मीच शिकवलं होतं.

म्हणजे काल आम्हा तिघांनाही काहीच ऐकू येत नव्हतं.