हृदयाची चित्रं कोणाची?

सोमवार, ३ फेब्रुवारी

भूगोलाचे सर आज चांगलेच सापडले! त्यांच्या नोट्समधले सगळे नकाशे नेटवरच्या कुठल्याशा पुस्तकातून उचललेले. "नेटवर होते, घेतले," म्हणे. मी म्हटलं, "सर, रस्त्यावर सायकल उभी दिसली म्हणून ती आपली होत नाही." सगळी स्टाफरूम हसली. मग खुला परवाना म्हणजे काय, तेही सांगून टाकलं — अशी संधी कोण सोडतं! हक्क मूळ काम करणाऱ्याचाच राहतो. पण तो आधीच सांगून ठेवतो: वापरा, बदला, वाटा, फक्त माझं नाव लिहा. असं सांगितलेलं नसेल, तर विचारायचं. इतकं सोपं.

माझी हृदयावरची पुस्तिका शुक्रवारी याच परवान्यावर सगळ्या शाळांसाठी खुली होणार. मुख्याध्यापक खूश. मी तर आहेच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या मावशी बाटल्या पुसता पुसता पुस्तिका चाळत होत्या. "बाई, चित्रं कोणाची हो?"

"माझ्या धाकट्या दिरांची. घरचीच!"

"मग त्यांना विचारलं असेलच तुम्ही."

विचारलं कुठे होतं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ह्यांच्या झडपेचं ऑपरेशन झालं, त्या फाइलमध्ये ती चित्रं सापडली होती. चार वर्षांपूर्वीची. सुंदर होती, म्हणून घेतली.

असो. भाऊजी दुकानांच्या पाट्या रंगवतात, स्वभावाने एकदम मऊ. एक फोन, की काम फत्ते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नाही म्हणाले!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा फोन केला. नाव तुमचंच राहील, हक्क तुमचाच राहील, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, ती पुस्तकासाठी काढली नव्हती मी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा भेदरला होता, त्याला कळावं म्हणून काढली. सध्या मला ती चित्रं डोळ्यांसमोर नकोत. का, ते विचारू नका."

बावीस वर्षं हृदय शिकवतेय मी. आणि त्या दिवशी स्वतःच्या नवऱ्याला एक अक्षर सांगता आलं नाही, बाहेरच्या बाकावर रडत बसले होते. फार लाज वाटली. चिडलेही — भाऊजींवर नाही, स्वतःवर.

मुख्याध्यापकांना सांगितलं, ती चित्रं काढून टाकते, नवी मीच काढेन. म्हणाले, "बाई, फळ्यावर तुमचं हृदय बटाट्यासारखं येतं." येऊ दे! बटाटा तर बटाटा, माझ्या मालकीचा तरी असेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सहा हृदयं काढली. पाच बटाटे, एक बरं. हे म्हणाले, "पाचव्यात मला माझं दिसतंय." पुस्तिकेसाठी आणखी आठ दिवस मागितले, मिळाले. मी मागावं आणि मिळू नये, असं सहसा होत नाही. चित्रही जमेलच.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाऊजींचा मेसेज. "वहिनी, परवानगी दिली. वापरा, बदला, वाटा. माझ्या तपासण्या चालू होत्या, काल निकाल आला. माझी झडपही दादासारखीच निघाली. बुधवारी ऑपरेशन आहे. मी कोणाला बोललो नाही, पण आता खूप भीती वाटते. दादाला मी समजावलं होतं. मला समजवायला तुम्ही याल?"

आम्ही आत्ताच निघतोय.