मधातली जागा

ता. अहेरी, जि. गडचिरोली
१६ सप्टेंबर २०१५

चि. दिव्यानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे वरचं तुझ्या मायनं लिहिलं, मी नाई सांगितलं. मी म्हटलं, नुसतं लिही, "ए कंप्युटरवाली बाई." तर म्हणते, "आई, पत्राची काही रीत असते." दहावी शिकलेली सून, काय बोलता!

इथी सर्व ठीक. पोळा झाला. बैलानं पुरणपोळी खाल्ली, तुझ्या बापानं बैलाहून जास्त खाल्ली. धान बरा आहे. भामरागडचा रस्ता पाण्यानं पुन्हा बंद, त्यामुळे तुझी आत्या काही पोळ्याले आली नाई. मी ठीक.

आता कामाचं. पार्सलात तुझा तो गाण्याचा डबा आहे. तोच काडीपेटीएवढा, तू कॉलेजात असताना घेतला अन् मग माझ्या गळ्यात बांधून पुण्याले गेली. धान रोवण्याची माझी काही गाणी तूच त्यात भरली होती. उरलेली मी अन् तुझ्या मायनं आता बसून भरली. ती बटन दाबते, मी म्हणते. सगळी तुझ्या खोलीवरच्या कंप्युटरात उतरवून घे. तिथी नीट वाजली हे ऐकल्याशिवाय डब्यातलं पुसू नको.

अन् एक. साफ करू नको.

दिवाळीत आली तवा तू तीन गाणी उतरवून नेली, अन् साफ करून मायच्या मोबाइलवर पाठवली होती. ऐकली मी. आवाज छान, कोंबडा गायब, तुझ्या बापाचं बोंबलणं गायब. पण मधातली जागाही तू कापून टाकली. अवं, रोवण्यात अर्ध्या बाया विचारतात, अर्ध्या जवाब देतात. घरात भरताना बाया कुठून आणू? म्हणून त्यांच्या जवाबाइतकी मी चूप राहिली होती. मनातल्या मनात म्हणत होती त्यांचं. तुले वाटलं, बुढी विसरली. आता ते गाणं लावलं की "धुऱ्यावरून कोण गं येते, चिखल तुडवत कोण गं येते," अन् लगेच पुढचा सवाल, त्याच्यावर आणखी एक. कोणाचा जवाबच नाई. बाई वेडी झाल्यासारखी धानाच्या बांधीत एकटीच विचारत सुटली.

खोकलाही कापला तू. कापला म्हणून तो गेला नाई, बाई.

मी फोन करत नाई म्हणून तू रुसली, हे माय सांगत होती. तिनं तुले सांगितलं की रेंज नाई. रेंज आहे. चांगली आहे. मी नुसतं "हॅलो" म्हटलं असतं तरी तुले समजलं असतं. आवाज पार बसला, डब्यातली शेवटची गाणीही तशीच घोगरी. हे पत्रही मायच्या कानाशी लागून सांगून राह्यली, दोन दिवस झाले.

गळ्यात गाठ आहे. तंबाखूच्या खर्ऱ्यानं झाली म्हणतो डॉक्टर. उद्या नागपूरले निघतो, शुक्रवारी ऑपरेशन. गाठीसंगं आवाजाची पेटीच काढावी लागते म्हणे. जीव राहते, आवाज नाई राहत. मी विचारलं, "उलटं नाई होत का?" त्याले हसू नाई आलं.

तुझी नोकरी नवी. तू धावत आली असती. म्हणून तुले सांगायचं नाई अशी मीच घरात सगळ्यांना शप्पथ घातली होती, मायवर राग काढू नको. आताच पेन थांबला होता तिचा. म्हटलं, डोळे पूस, कागद भिजन.

मरायचं भेव नाई मले. मुकं बसायचं भेव आहे. घरात सगळे बोलतील अन् मी नुसती पाहत राहीन. सुनेले टोमणा कसा मारू? हे पण लिही, पुनम. लिही.

पार्सल तुझ्या हातात पडन तवा शुक्रवार होऊन गेला असन. तू फोन लावशील अन् मी बोलणार नाई. तरी लाव. टाके सुकले की माय कळवन. मग कंप्युटर मोठ्यानं लाव, फोन त्याच्याजवळ धर. मी विचारीन, "कोण गं येते?" मधातल्या जागेत जवाब तू द्यायचा. लहानपणी शेताच्या धुऱ्यावर बसून देत होती तसा, कोकलून. इथी मी फोनवर टिचकी मारीन. एक म्हणजे बरोबर. दोन म्हणजे बेसूर. तीन म्हणजे बस झालं, कामावर जा.

एकही टिचकी आली नाई, तर ठेवू नको फोन. पुन्हा लाव गाणं. ऐकत असीन मी.

अक्षर तुझ्या मायचं.
आवाज, शुक्रवारपर्यंत, माझा.

तुझी आजी,
कमळा